सिकलसेल, मेंदू आणि मोजमापाची साधने

सिकलसेल या आजाराची जी हकीकत आरोग्य खात्याच्या भित्तिपत्रकांतून, शालेय पुस्तकांतून आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या तोंडूनही आपल्या कानी पडते, ती इतकी सुटसुटीत आहे की तिच्याविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. रक्तातील तांबडी पेशी, जी स्वभावतः गोल आणि लवचीक असावयाची, ती प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. असल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वाट बंद झाली की पुढच्या भागाला रक्त मिळेनासे होते. आणि मग हाडे ठणकतात, प्लीहा सुकून जाते, एखाद्या मुलाला पक्षाघातही होतो. या हकीकतीत खोटे असे काही नाही. मात्र मेंदूच्या बाबतीत ती फार अपुरी पडते, आणि हा अपुरेपणा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नसून विदर्भातील, नंदुरबारातील, मेळघाटातील हजारो मुलांच्या शिक्षणाशी आणि पुढील आयुष्याशी त्याचा थेट संबंध आहे. माझा पक्ष असा की, या रोगाचे स्वरूप ठरविताना शास्त्राने, आणि शास्त्राच्या मागोमाग शासनाने, आपल्या हाती त्या त्या वेळी जे साधन होते त्याला जेवढे दिसले तेवढ्यालाच रोग मानले. आणि जे त्या साधनाच्या टप्प्यात आले नाही, त्याची किंमत मुलांच्या मेंदूने मुकाट्याने चुकविली.

१९०४ साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोस आलेल्या वॉल्टर क्लेमेंट नोएल या तरुणाच्या रक्तात अर्नेस्ट आयर्न्स या उमेदवार डॉक्टरांना लांबट, विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या, आणि त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० साली त्या वैद्यकजगतापुढे मांडल्या. रोगाची ओळख अशी सूक्ष्मदर्शकातून झाली आणि पुढली पन्नासएक वर्षे त्याचा विचारही सूक्ष्मदर्शकाच्या काचेवरच होत राहिला. या रोगाने ग्रस्त असलेल्या मुलांना अर्धांगवायू होतो, ही गोष्ट १९२० नंतरच्या दशकातच ध्यानात आली होती. परंतु तो का होतो हे पाहावयाचे तर मृत्यूनंतर मेंदू उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मेंदू उघडला की बारीक रोहिण्या आणि केशवाहिन्या विळ्यासारख्या पेशींनी ठासून भरलेल्या दिसत, काही ठिकाणी रक्त साकळून गुठळ्या झालेल्या दिसत, आणि पाहणाऱ्याचा निष्कर्ष आपसूक ठरून जाई. १९४० साली हॅम आणि कॅसल या संशोधकांनी या निष्कर्षाला तात्त्विक बैठक दिली: पेशी वाकडी झाली की रक्त घट्ट होते, घट्ट रक्त मंदावते, मंदावलेल्या रक्तातला प्राणवायू आणखी घटतो, आणि त्यामुळे आणखी पेशी वाकड्या होतात. हे दुष्टचक्र तर्कदृष्ट्या इतके मनोहर होते की एक साधी अडचण मागे पडली. मृत देहात प्राणवायू नसतोच. म्हणून मरणानंतर पेशी कोठेही वाकड्या होणार, निकोप राहिलेल्या वाहिनीतही होणार. कोणती पेशी मृत्यूला कारण झाली आणि कोणती मृत्यूमुळे वाकडी झाली, हे त्या काचेवरून सांगता येणे कठीण होते.

मधल्या काळात रसायनशास्त्राने आपला विजयध्वज रोवला. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा रोग असल्याचे दाखविले, आणि थोड्याच वर्षांनी व्हर्नन इन्ग्रम यांनी तो दोष नेमका कोठे आहे ते सांगितले: बीटा साखळीतील सहाव्या स्थानावर ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसले आहे, एवढाच काय तो फरक. एका अक्षराच्या चुकीने सारा ग्रंथ बिघडावा तसा हा प्रकार असल्यामुळे पुढे कित्येकांना असे वाटू लागले की आता जाणण्यासारखे काही उरलेच नाही. वस्तुतः रेणू समजला तरी मेंदू समजला नव्हता.

मेंदूविषयीच्या समजुतीला पहिला हादरा १९७२ साली बसला. जिवंत रुग्णाच्या रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण चित्रे घेण्याची पद्धत तोपर्यंत रुळली होती. तिचा उपयोग करून स्टॉकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघात झालेल्या सिकलसेलग्रस्त मुलांच्या मेंदूतील वाहिन्या तपासल्या, तेव्हा अडथळा केशवाहिन्यांत नसून मानेतून कवटीत शिरणाऱ्या मोठ्या रोहिणीच्या टोकाशी आणि तिच्या पहिल्या मोठ्या शाखांच्या आरंभी आढळला. तेथे वाहिनीचा आतला थर दाट होऊन वाट अरुंद झालेली, आणि कित्येकदा त्या अरुंद जागी गुठळी बसलेली. विळ्यासारख्या पेशीने एवढी रुंद रोहिणी तुंबावी हे संभवनीयच नव्हते. तेव्हा वाहिनीच्या भिंतीलाच वर्षानुवर्षे दुखापत होत असली पाहिजे असे मानणे भाग पडले. झाले; बारीक वाहिन्यांचा सिद्धान्त जुना ठरला आणि मोठ्या वाहिन्यांचा सिद्धान्त गादीवर आला. याही वेळी एक गोष्ट दृष्टीआड झाली. रंगद्रव्याच्या चित्रात बारीक वाहिन्या दिसतच नाहीत. जे साधन त्यांना पाहूच शकत नाही, त्याने त्या निर्दोष असल्याचा निवाडा कसा द्यावा?

तथापि या नव्या सिद्धान्ताने जे दिले त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. अरुंद झालेल्या वाटेतून रक्त वेगाने वाहते, आणि तो वेग कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडून बाहेरून मोजता येतो. याला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. त्यात सुई टोचावी लागत नाही, मुलाला भूल द्यावी लागत नाही, आणि यंत्र एका टेबलावर मावते. रॉबर्ट ॲडम्स यांच्या पुढाकाराने अमेरिकेत झालेल्या प्रयोगात, ज्यांच्या मेंदूतील रक्ताचा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर वा त्याहून अधिक होता अशा १३० मुलांपैकी काहींना नियमित रक्त चढविले आणि काहींवर नेहमीचेच उपचार ठेवले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ११ मुलांना पक्षाघात झाला, रक्त चढविलेल्या गटात एकाला. फरक इतका उघड होता की प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीने सांगितले की, उपाययोजना नसल्यास एसएस प्रकारच्या, म्हणजे आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलेल्या, रुग्णांपैकी सुमारे ११ टक्क्यांना विसाव्या वर्षापर्यंत आणि सुमारे २४ टक्क्यांना पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होतो, आणि रक्त न मिळाल्याने होणाऱ्या पक्षाघाताचा सर्वाधिक धोका दोन ते नऊ या वयात असतो. म्हणजे ज्या वयात मूल बोलायला, लिहायला आणि पाढे म्हणायला शिकते, नेमके त्याच वयात. हा योगायोग नव्हे. शरीराच्या वजनाच्या अवघा दोन टक्के असलेला मेंदू एरवीही प्राणवायूचा पाचवा हिस्सा घेतो. बालपणी, वाढीच्या भरात, त्याची भूक त्याहून मोठी असते, आणि ती भागविणारे रक्त या मुलांत मुळातच निम्म्या ताकदीचे असते.

पक्षाघात दिसतो, तोंड वाकडे होते, हात लुळा पडतो, आईबाप मुलाला उचलून दवाखान्यात धावतात. परंतु एमआरआय आले तेव्हा असे आढळले की, ज्यांना कधीही पक्षाघात झालेला नाही, ज्यांची चाल, वाणी, पकड सर्व काही ठीक आहे, अशा मुलांच्याही मेंदूत मृत झालेल्या ऊतीचे छोटे छोटे डाग आहेत. सहाव्या वर्षाच्या आत सुमारे एक चतुर्थांश मुलांत, आणि चौदाव्या वर्षापर्यंत एक तृतीयांशाहून अधिक मुलांत. हे डाग बहुधा मेंदूच्या पुढील व मधल्या भागातील खोल श्वेतद्रव्यात असतात, जेथे दोन मोठ्या रोहिण्यांच्या शेवटच्या बारीक शाखा एकमेकींच्या सीमेला येऊन भिडतात. दोन कालव्यांच्या मधोमध, दोहोंच्याही शेपटाला असलेल्या शेताची जी गत, तीच या भागाची: वरच्या अंगाला पाणी पुरेसे असले तरी तुटीच्या वर्षी पहिल्याने करपते ते हेच शेत, आणि कालव्याच्या मुखाशी उभ्या असलेल्या पाटकऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डॉप्लर हा मुखाशी उभा असलेला पाटकरीच आहे. या डागांच्या मुलांपैकी पुष्कळांचा रक्तवेग सामान्यच असतो.

येथे रक्त साकळण्याचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो, आणि तो वरवर दिसतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. तांबडी पेशी वारंवार वाकडी होऊन पुन्हा सरळ होत राहिली की तिच्या पटलाची आतली बाजू बाहेर येऊ लागते. त्या बाजूवर फॉस्फाटिडिलसेरिन नावाचे जे स्निग्ध द्रव्य असते ते रक्त साकळविणाऱ्या प्रथिनांना जणू बसायला पाट मांडून देते. अशा पेशी सुमारे एकशेवीस दिवसांऐवजी दोनतीन आठवड्यांतच फुटतात, त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू शोषून घेते, वाहिनीचा अंतःस्तर चिडतो, चिकट होतो, आणि त्याला पांढऱ्या पेशी व बिंबाणू चिकटू लागतात. फॉन विलेब्रांड घटक नावाचे चिकट प्रथिन रक्तात वाढते, आणि ते कापून आवरणारे विकर मात्र अपुरे पडते. तेव्हा रुग्ण बरा दिसत असतानाही त्याच्या रक्तात साकळण्याची क्रिया मंदपणे चालूच असते, ही गोष्ट निर्विवाद आहे. मेंदूच्या बारीक वाहिन्यांत तिचा वाटा आहे हेही बहुतेक निश्चित.

मग रक्त पातळ करणारी औषधे देऊन हा प्रश्न निकालात का काढू नये? असा विचार करणारे भोळे नव्हते, आणि त्यांनी तसे प्रयोगही केले. प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलर या बिंबाणूंना आवर घालणाऱ्या औषधांचे मुलांवरील दोन मोठे प्रयोग झाले आणि दोन्हींत अपेक्षित लाभ आढळला नाही. यावरून कित्येकांनी गुठळीचा सिद्धान्तच बाद ठरविला. मला तसे करणे घाईचे वाटते. या प्रयोगांत मोजले काय? वेदनेचे झटके. मूल किती वेळा कण्हत दवाखान्यात आले, ही त्यांची मोजपट्टी होती. मेंदूतील डाग ही नव्हे. ज्या प्रश्नाचे उत्तर मागितलेच नाही त्याचे उत्तर नकारार्थी आले असे म्हणता येत नाही. उलट बाजूनेही तेवढेच सावध राहावयास हवे: अरुंद झालेल्या रोहिणीभोवती मेंदू जी नवी, नाजूक वाहिन्यांची जाळी उभारतो, ती फुटण्याचा संभव असतो, आणि विशीत या रुग्णांना रक्तस्रावी पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असतो, अशा मेंदूत रक्त पातळ करणे म्हणजे एक संकट टाळण्यासाठी दुसऱ्याला आमंत्रण देणे ठरू शकते. शिवाय काही डाग गुठळीवाचूनही पडतात. अंगातले रक्त एकाएकी घटले, मग ते जंतुसंसर्गाने असो की प्लीहेत रक्त साठून असो, तर वाहिन्या उघड्या असूनही सीमेवरच्या श्वेतद्रव्याला प्राणवायू पुरत नाही आणि तेथली ऊती मरते. एवंच, रक्त साकळणे हे या नाटकातील महत्त्वाचे पात्र असले तरी सूत्रधार नव्हे. सूत्रधार आहे तो मागणी आणि पुरवठा यांतील कायमचा ताण, ज्यात रक्ताची कमतरता, भिंतीची जखम आणि गुठळी एकमेकींना हात देतात.

या ताणावर नियमित रक्त चढविण्याचा इलाज चालतो हे २०१४ साली सिद्ध झाले: डाग असलेल्या मुलांपैकी ज्यांना दरमहा रक्त दिले त्या ९९ पैकी ६ मुलांत, आणि न दिलेल्या ९७ पैकी १४ मुलांत नवा डाग वा पक्षाघात आढळला. आणि डाग असलेल्या मुलांची शाळेत पीछेहाट होते, अवधान टिकत नाही, कामाची आखणी जमत नाही, हे त्यापूर्वीच दिसून आले होते. ही मुले मतिमंद नसतात. ती ‘अभ्यासात कच्ची’ असतात, आणि आपल्याकडे अभ्यासात कच्च्या मुलाचा मेंदू तपासावा असे कोणाच्या मनातही येत नाही.

आता आपल्या इलाख्याकडे वळू. भारतात हा रोग १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत लेहमन आणि कटबुश यांना आढळला, आणि नागपुरात शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली मध्य भारतातील त्याच्या प्रसाराची नोंद केली. त्याला साठ वर्षे उलटून गेली. गोंड, माडिया, परधान, कोरकू, भिल्ल, पावरा या जमातींत, तसेच विदर्भातील नवबौद्ध, तेली, कुणबी आदी समाजांतही तो आहे हे आज कोणाला सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात वाहकाला, म्हणजे एकच सदोष जनुक असलेल्याला, पिवळे आणि ग्रस्ताला लाल कार्ड देण्याची पद्धत पडली. आरोग्यसेविकेने सोल्युबिलिटी चाचणी करावी, संशयित नमुना पुढे पाठवावा, आणि शेवटी कार्ड हाती यावे, असा तो बंदोबस्त आहे. २०२३ सालच्या १ जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट.

या मोहिमेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर खेपेला मूल ग्रस्त निघण्याचा संभव चारात एक, हे घरोघर कळणे इष्टच आहे. पण येथेही साधनाने रोगाची व्याख्या केली आहे. चाचणी जनुकाचे अस्तित्व सांगते. म्हणून जनुक हाच रोग ठरला, आणि निर्मूलन म्हणजे पुढच्या पिढीत लाल कार्डे कमी होणे असा हिशेब मांडला गेला. ज्याच्या हाती लाल कार्ड आहे ते मूल मात्र या जमाखर्चात एकदा नोंदले की संपते. त्याचे हिमोग्लोबिन यंदा किती, गेल्या वर्षी किती होते, त्याच्या मेंदूतील रक्ताचा वेग कोणी मोजला का, ते तिसरीतून चौथीत गेले की शाळेतून गळाले, यांपैकी कोणताही रकाना त्या कार्डावर नाही.

मुलांच्या मेंदूकडे पाहण्याच्या या आग्रहाला एक विद्वत्तापूर्ण हरकत घेतली जाते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. भारतीय रुग्णांतील जनुकाचा वंश आफ्रिकेतील वंशाहून भिन्न आहे. आपल्याकडे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्याच प्रमाणात टिकते, अल्फा थॅलसेमिया हा हिमोग्लोबिनचा दुसरा आनुवंशिक दोषही अनेक जमातींत सोबत असतो, आणि हे दोन्ही मेंदूचे रक्षण करतात. म्हणून आपल्याकडे पक्षाघात कमी आढळतो. हे सर्व खरे. तथापि हे निरीक्षण दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या पक्षाघाताचे आहे. भामरागडच्या किंवा धडगावच्या मुलाचा एमआरआय कधी निघतच नसेल, तर त्याच्या मेंदूत डाग नाहीत हे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला? सौम्य असल्याची ख्याती आणि न पाहिल्याची सवय या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने फार काळ जगू शकतात. शिवाय विदर्भातील रुग्णांत, विशेषतः आदिवासीतर समाजांत, रोग पुष्कळदा तीव्र रूप घेतो हे नागपूरच्या डॉक्टरांनी वारंवार नोंदविले आहे.

दुसरी हरकत खर्चाची. ती अधिक वजनदार आहे, कारण दरमहा रक्त चढवावयाचे तर रक्तपेढी हवी, जुळणारे रक्त हवे, आणि अंगात साचणारे लोह काढण्याचे औषध हवे. तालुक्याच्या गावी हे सगळे उभे करणे आज तरी शक्य नाही. याचे उत्तर श्रीमंत देशांतून न येता नायजेरियातून आले, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. ज्या देशात दरसाल सर्वाधिक सिकलसेलग्रस्त मुले जन्माला येतात, तेथील कानो आणि परिसरातील दवाखान्यांत डॉप्लरने धोका आढळलेल्या मुलांना गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कॅप्सूल देण्यात आली, काहींना वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, काहींना २०. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील पक्षाघाताच्या प्रमाणात फरक आढळला नाही, आणि ते दोन्ही गटांत थोडेच होते. जुने, स्वस्त औषध. तपासणीचे यंत्र हातात नेता येण्याजोगे. आणि ते चालविण्यास शिकविलेले स्थानिक कर्मचारी. आपल्याकडे नागपुरात हे औषध मुलांवर वापरून त्याचा गुण पूर्वीच पाहिला गेला आहे. अडचण पैशापेक्षा तजविजीची आहे: कॅप्सूल दर महिन्याला मिळणे, दर काही आठवड्यांनी रक्तातील पेशी मोजल्या जाणे, आणि आईला हे पटणे की मूल दुखत नसतानाही औषध द्यावयाचे आहे. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. दुखण्याचा इलाज मागणारा समाज न दुखणाऱ्याचा इलाज सहजासहजी स्वीकारीत नाही, आणि त्याला तसे शिकविणाऱ्या सरकारनेही आजवर दुखण्यालाच पैसे दिले आहेत.

तिसरे एक सत्य असे की, मुलाच्या बुद्धीचा सारा हिशेब मेंदूतील डागांवर घालता येत नाही. अमेरिकेतील पाहणीत आईबापांचे शिक्षण हेही बुद्ध्यंकाशी स्वतंत्रपणे निगडित आढळले. याचा अर्थ गडचिरोलीच्या मुलावर दोन्ही बाजूंनी बोजा आहे. आणि एका बाजूचा बोजा आपण उतरवू शकत नाही म्हणून दुसऱ्याकडे पाहू नये, हा न्याय मला कळत नाही. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, हे चांगलेच झाले. परंतु दाखल्यासाठी टक्केवारी ठरविणाऱ्यापुढे ज्याचे हातपाय शाबूत आहेत असे मूल उभे राहिले, तर त्याच्या तुटक अवधानाची गणना तो कशाने करणार?

अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरात दोन जनुकोपचारांना मान्यता मिळाली, आणि त्यांची किंमत एका रुग्णामागे वीस लाख डॉलरांहून अधिक आहे. तो मार्ग आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कधी पोहोचेल ते असो. पोहोचला तरी तो मरून गेलेले श्वेतद्रव्य परत आणणार नाही. मोहीम सुरू झाली त्या २०२३ साली लाल कार्ड घेऊन जन्मलेले मूल निर्मूलनाच्या वर्षी, २०४७ साली, चोवीस वर्षांचे असेल. त्याच्या मेंदूला सर्वाधिक धोका असलेली वर्षे २०२५ ते २०३२ ही आहेत.